सागाच्या वलयांतली हवा

लग्नकार्यात नवीन ओळखी निघाल्या की मला ठरलेला प्रश्न येतो, "तुम्ही प्लांटमध्येच होत्या ना?" भिलाईत जन्म काढलेल्या माणसाने दुसरीकडे कुठे नोकरी केली असेल, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. मी नाही म्हणते. मग, "शाळेत?" त्यालाही नाही म्हटलं की समोरची बाई जरा काळजीत पडते. अशा वेळी मी सरळ सांगून टाकते, "लाकूड उकळत होते."

ते खरंच आहे. नोकरीची बरीचशी वर्षं मी सागवानाचा कीस काढला, तो उकळला, पांढरा केला, जाळला आणि त्यातून निघालेला वायू काचेच्या नळीत कोंडून रेल्वेने परगावी नेला. या सगळ्या उपद्व्यापातून काय कळायचं? ते झाड उभं होतं तिथली हवा अमुक साली कोरडी होती की दमट, एवढंच. हे कळून काय करायचं, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता येत नव्हतं, आणि आजही तोंडपाठ नाही.

माझे वडील, आत्माराम कापगते, साकोलीकडून भिलाईला आले तेव्हा पोलादाचा कारखाना नुकताच उभा राहत होता. शेतकरी घरातला माणूस, म्हणून त्यांना बागेच्या खात्यात घेतलं. आधी मजूर, मग माळी आणि शेवटी सुपरवायझर. आमचं क्वार्टर सेक्टर दोनमध्ये. टाउनशिपच्या रस्त्यांवर आज जी झाडं दिसतात, त्यांतली बरीचशी बाबांच्या आणि त्यांच्या गॅंगच्या हातची. मी दुर्गच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, आणि त्याच सुमारास, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या वनस्पतिशास्त्राच्या देशकर मॅडमना एक संशोधन प्रकल्प मिळाला. त्यांना मदतनीस हवा होता. "हातानं बारीक काम करणारी पाहिजे. आणि कंटाळणारी नको," असं त्यांनी वर्गात सांगितलं. मी विणकाम करायची. तेवढ्या भांडवलावर माझी नेमणूक झाली.

देशकर मॅडम नागपूरच्या. पन्नाशीला आलेल्या, एकट्या राहायच्या, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या. बोलणं मोजकं. त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत नेहमी एक पोकळ गिरमिट असायचं. हे गिरमिट झाडाच्या बुंध्यात हळूहळू फिरवत न्यायचं आणि मग आतून पेन्सिलीएवढी जाड लाकडाची कांडी बाहेर काढायची. झाडाला इजा होत नाही. भोक मेणाने बुजवलं की पुढल्या पावसाळ्यापर्यंत ते भरूनही येतं. साग उन्हाळ्यात पानं झाडतो आणि पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे दर वर्षीचं वलय त्या कांडीवर वेगळं दिसतं. सालीपासून मागे मोजत गेलं की साल सापडतं.

आता त्या वलयातली हवा कशी ओळखायची, ते मला मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

पानाच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात. दारंच म्हणा. हवा दमट असली की पान दारं सताड उघडी ठेवतं. हवा कोरडी झाली की आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ओढून घेतं. याच दारांतून झाडाचं अन्न, म्हणजे हवेतला कार्बन, आत येतो. तो दोन वजनांचा असतो. जवळजवळ सगळा हलका, आणि शंभरात साधारण एखादा कण किंचित जड. झाडाला हलका आवडतो. बाजारात वांग्यांच्या गाड्या भरभरून आल्या की आपण निवडून घेतो, आणि माल कमी आला की राहिलेलं वेडंवाकडं वांगंही मुकाट्याने पिशवीत टाकतो. पानाचंही तसंच. दारं उघडी असली की ते हलका कार्बन निवडून खातं, दारं अर्धवट लावलेली असली की आत आहे त्यात भागवतं आणि जडही खातं. जे खाल्लं त्याचं लाकूड होतं. म्हणून ज्या वलयात जड कार्बन थोडा जास्त, त्या सालची हवा कोरडी. जे वलय हलकं, त्या सालची दमट.

हा "थोडा" म्हणजे अगदीच थोडा. तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, लांबच्या एका शहरातल्या संस्थेत होतं. आमचं काम तिथपर्यंत स्वच्छ वायू पोचवण्याचं. भिंगाखाली एकेका वलयाचा कीस सोलायचा, कापडाच्या चिमुकल्या पुरचुंड्या बांधायच्या, त्या रसायनात उकळून राळ आणि तेल काढायचं, मग ब्लीच करत करत नुसता तंतू उरवायचा. शेवटी सरकीतून निघालेल्या कापसासारखं पांढरंशुभ्र काहीतरी हाती लागतं. तपकिरी सागातून ते निघताना मी शेकडो वेळा पाहिलं, तरी दर वेळी बरं वाटायचं. तो कापूस काचेच्या बंद नळीत जाळला की वायू होतो, आणि तो वायू द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवून वेगळा करायचा.

नायट्रोजन कारखान्यातून मिळायचा. मॅडमनी रीतसर परवानगी काढली होती. मी तो ॲल्युमिनियमच्या कॅनमधून टेम्पोने दुर्गला न्यायची. झाकणातून सारखी पांढरी वाफ. एकदा शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "दीदी, कुल्फी है क्या?" मी नाही म्हटलं तर तिला वाटलं मी विकत नाही, घरच्या कार्यासाठी नेते आहे. उतरेपर्यंत ती माझ्याकडे रागाने पाहत होती.

माझं एक स्थळही याच कामापायी गेलं. गोंदियाहून पाहायला आले होते. मुलाच्या मामांनी "आयसोटोप" हा शब्द कुठेतरी वाचला होता. ते बाबांना म्हणाले, "हे ॲटम बॉम्बवालंच काम होय ना? पुढं मूलबाळ व्हाले काही अडचण?" आमच्या कार्बनात तसलं काहीच नसतं, तो आपल्या पोळीतही असतो, हे मी आतून सांगणार होते. तोवर बाबाच म्हणाले, "तिले काही अडचण नाही. तुमच्या पोराले समजावून सांगाले मात्र अडचण जाईन असं दिसते." पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला.

बाबांना माझ्या कामाचं भारी कौतुक होतं. ड्यूटीवरून आले, सायकल लावली की पहिला प्रश्न, "आज कोणतं साल उकळलं?" मी साल सांगितलं की ते त्या सालातलं काहीतरी सांगायचे. अमुक साली तळं भरलं नव्हतं, तमुक साली आईला ताप होता. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ताप तुमाले होता. मले नव्हता."

आम्ही सुरुवातीला दोन झाडं निवडली. एक कारखान्याच्या भिंतीपलीकडे उरलेल्या जुन्या वस्तीतलं. दुसरं बोरसीला. बोरसी तेव्हा आजच्यासारखी घरांनी भरली नव्हती. शेतं होती, बांध होते, आणि एका बांधावर दोन माणसांच्या कवेत न मावणारा साग. त्याचे मालक दोन म्हातारे भाऊ, बिसाहू आणि समारू. गिरमिट पाहून, झाडाला भोक का पाडता असं विचारत बिसाहू काठी टेकत आले. "ए का करत हव, नोनी? पेड़ ला काबर छेदत हव?"

मॅडमनी समजावलं. झाडाची हवा-बिवा त्यांच्या डोक्यावरून गेली, पण झाडाचं वय कळतं म्हटल्यावर दोघेही सरसावून बसले. बिसाहू म्हणाले, "ये ला मोर ददा लगाय रिहिस." समारू म्हणाले, नाही, बापाने नाही, त्यांच्या काकाने लावलं, आणि त्या काकाने आपला वाटा समारूला दिला होता. म्हणून झाड त्यांचं. या गोष्टीवरून दोघं भाऊ कैक वर्षं एका बांधावर बसून एकमेकांशी बोलत नव्हते. आम्ही कांडी काढली, दोघांच्या देखत मोजली. झाड बापाच्याही आधीचं निघालं, काकाच्याही. कोणी लावलं होतं कोण जाणे, बहुधा कोणीच नाही. मग समारूने भोकावर मेणाच्या वर हळद लावली आणि बिसाहूंना विचारलं, "चाय पीबे का?" भाऊ त्यानंतर पुन्हा भांडले असतील, मला माहीत नाही. आम्हाला मात्र चहा मिळाला.

निकाल हळूहळू यायचे. मी काचेच्या नळ्या गोधडीत गुंडाळून, ती पेटी मांडीवर घेऊन रेल्वेने जायची, यंत्रावर पाळी यायला दिवस लागायचे, आणि मग आकडे हाती पडायचे. दोनेक वर्षांनी कारखान्याजवळच्या झाडाची ओळ पुरी झाली. मॅडमनी ती आलेखावर काढली आणि मला बोलावलं. जुनी वलयं वरखाली होत चालली होती, चांगल्या-वाईट पावसाप्रमाणे. मात्र कारखाना आला त्यानंतर रेघ हलक्या कार्बनाकडे झुकत गेली होती. साऱ्या जगातच कोळसा-तेल जळून हवेत हलका कार्बन वाढला आहे, त्याची वजावट मॅडमनी केलीच होती. तरी रेघ झुकलेलीच. म्हणजे हवा दमट होत गेलेली.

"इथे काय बदललं, पुष्पा?" त्यांनी विचारलं.

"झाडं लागली," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? उघड्या मुरमावर उभी राहिलेली टाउनशिप आता हिरवीगार होती. झाडं पानांतून पाणी हवेत सोडतातच. त्यांनी आजूबाजूची हवा ओली केली असेल, हे पटण्यासारखं होतं. मॅडमनाही पटलं. बोरसीचे आकडे आले तेव्हा तर शंका उरली नाही. तिथे नवी झाडं लागली नव्हती, आणि तिथली रेघ झुकलेली नव्हती.

मी घरी सांगितलं. ते सांगायला नको होतं असं पुढे कितीदा वाटलं, पण त्या संध्याकाळी मी सांगितलं. बाबा अंगणात उभे होते. त्यांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्या झाडाईनं हवा ओली केली."

"हो, बाबा. दिसून तर तसंच राहिलं."

"आन् हे मशीननं सांगतलं."

"हो."

आठवडाभरात सेक्टर दोनमध्ये हे माहीत नसलेलं माणूस राहिलं नाही. त्यांच्या खात्याच्या साहेबांपर्यंत गोष्ट गेली. साहेब झाडांवर मनापासून प्रेम करणारे होते. त्यांनी ठरवलं, येत्या पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठेवायचा, देशकर मॅडमनी तिथे आपलं संशोधन सांगायचं, आणि जुन्या माळ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. बाबांचं नाव पहिलं.

मॅडमना घाई नको होती. "छापून येण्याआधी बोलायची सवय नाही मला," म्हणाल्या. पण त्यांनाही आनंद होताच. आईने त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या.

लाखोळीच्या डाळीचे वडे, भात, वांग्याची भाजी असा बेत होता. बाबा रंगात आले होते. मॅडमनी सहज विचारलं, "कापगते, तुम्ही पहिली झाडं कधी लावली?"

"मी आलो तवा कोठी झाडं, मॅडम? मुरूम होता नुसता. पहिली भट्टी पेटली, लोखंड निघालं, तो जलसा मी पाह्यला. तवा उभं राहाले सावली नव्हती. मालट्रकच्या खाली बसलो आमी."

"आणि रोपं?"

"ते लय मागून. आधी घरं झाले, मंग रोड, मंग आमचा नंबर लागला. भट्टी पेटल्यावर चार-पाच वर्सांनी रोपं आले. आन् पयले तं अर्धे मेलेच. गुडघ्याएवढे झाले म्हणेपर्यंत तुमची ही पुष्पा शाळेत जाऊन राह्यली होती."

मॅडमचा हात ताटातच थांबला. बाबांच्या लक्षात आलं नाही, ते आईला वडे वाढायला सांगत होते. मी मॅडमकडे पाहिलं, आणि त्यांनी क्षणभर माझ्याकडे. आलेखावरची रेघ कोणत्या सालापासून झुकली होती ते आम्हा दोघींना पाठ होतं. ती रोपं यायच्या आधीच झुकली होती. भट्टी पेटली त्याच सुमारास.

मॅडमनी जेवण संपवलं, आईचं कौतुक केलं. मी त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले तेव्हा वाटेत एवढंच म्हणाल्या, "कोळसाही झाडच असतो गं."

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर काढून दाखवला. कोळसा म्हणजे फार जुन्या काळी गाडली गेलेली झाडं. त्यांनीही त्यांच्या वेळी हलका कार्बन निवडून खाल्लेला. भट्टीत कोळसा जळला की तोच हलका कार्बन आसपासच्या हवेत येतो. जगभरच्या धुराची वजावट आम्ही केली होती, पण कारखान्याला खेटून उभ्या असलेल्या झाडाच्या वाट्याला येणाऱ्या धुराची केली नव्हती. असं झाड आधीच हलका झालेला कार्बन खातं, आणि त्याचं लाकूड दमट हवेत वाढलेल्या झाडासारखं दिसतं.

"पण बोरसी?" मी विचारलं. खरं तर मी भांडत होते.

"पावसाळ्यात वारा कुठून येतो?"

नैऋत्येकडून. साग वाढतो पावसाळ्यात, आणि तेव्हा बोरसीचा वारा कारखान्याकडे जातो. कारखान्याचा धूर बोरसीला जात नाही. तो दुसऱ्या अंगाला जातो.

खात्री करायची तर त्या दुसऱ्या अंगाचं झाड पाहायला हवं होतं, जिथे धूर पोचतो पण बाबांची हिरवळ नाही. आम्ही कुम्हारीला गेलो. एका भातगिरणीच्या आवारात जुना साग सापडला. गिरणीच्या मालकाला वाटलं आम्ही सरकारी माणसं आहोत आणि झाड तोडायला आलो आहोत. मग वाटलं, झाड पोकळ आहे का ते पाहतो आहोत. त्याने तीनदा विचारलं, "अंदर से अच्छा है ना?" लाकूड अगदी चांगलं होतं. मी गिरमिट फिरवत होते आणि मनात म्हणत होते, हे झाड बोरसीसारखं निघू दे. रेघ सरळ येऊ दे.

तो कीस मी जितका जपून काढला तितका आधी कधी काढला नसेल. उन्हाळा त्यातच गेला. मीच पेटी घेऊन गेले, मीच आकडे घेऊन आले. परतीच्या गाडीत, खिडकीपाशी बसून, मी ते आलेखावर मांडले. कुम्हारीची रेघ कमी झुकली होती, कारण कुम्हारी दूर आहे, पण झुकली होती. त्याच सालापासून.

मॅडमनी कागद पाहिला, चष्मा काढून ठेवला. "कार्यक्रम कधी आहे?"

"पुढल्या आठवड्यात."

"वडिलांना मी सांगू का?"

"नको. मीच सांगते."

बाबा क्वार्टरच्या मागे पपईला आळं करत होते. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. कसं सुरू करावं ते कळेना, म्हणून शेवटचं आधी सांगितलं.

"बाबा, मॅडम कार्यक्रमात ते नाही सांगणार. झाडांमुळं हवा ओली झाली ते."

"कावून?"

मी कोळशाचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, कुम्हारीचं सांगितलं. ते हातातल्या खुरप्याने मातीची ढेकळं फोडत ऐकत होते.

"म्हणजे झाड खोटं बोललं?"

"नाही. त्यानं जे खाल्लं तेच सांगितलं. समजाले आमचीच चूक झाली."

"मंग हवा ओली झाली का नाही झाली?"

"ते या झाडावरून आता नाही सांगता येत. झालीही असंल. आमाले माहीत नाही."

खुरपं थांबलं. "मी सगळ्याईले सांगून बसलो, पुष्पे."

मी म्हटलं, साहेबांना सांगून तुमचं नाव काढून घेऊ का? त्यांनी मान हलवली. "साहेबानं बोलावलं तं जावं तं लागन. तुही मॅडम खरंच बोलन ना? मंग बोलू दे." आणि ते उठून नळावर हात धुवायला गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. मॅडम हिंदीत बोलल्या, थोडंच. आधी आम्हाला काय वाटलं होतं ते सांगितलं, मग काय निघालं ते. "मुझसे पढ़ने में गलती हुई थी," असं सरळ म्हणाल्या. झाडांनी हवा दमट केली नाही असं मी म्हणत नाही, पण केली असं म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही, असंही म्हणाल्या. सभागृहात टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. साहेबांचा चेहरा उतरला होता, पण माणूस सभ्य. त्यांनी उठून मॅडमचे आभार मानले आणि माळ्यांच्या मेहनतीबद्दल चार शब्द बोलले. बाबांना शाल मिळाली, नारळ मिळाला.

बाहेर पडताना शेजारच्या ब्लॉकमधला एक जण हसत म्हणाला, "कापगतेजी, आपके पेड़ तो फेल हो गए." त्याच्या मनात वाईट नव्हतं. बाबांनी मान डोलावली. खात्याची जीप उभी होती, तीत न बसता ते पायी घरी आले.

त्यानंतर त्यांनी मला कोणतं साल उकळलं ते विचारलं नाही. रागावले नव्हते. माझ्याशी बोलायचे, हसायचे, माझं लग्न ठरलं तेव्हा धावपळ केली. जावई भिलाईतलाच, त्यामुळे येणंजाणं रोजचं. फक्त माझ्या कामाचा विषय निघाला की ते उठून काहीतरी करायला जायचे. आई म्हणायची, "राहू दे. होईन." मॅडम आणि मी कारखान्याजवळचे नमुने बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून लागलो, या वेळी धुरापासून दूर, जंगलातल्या झाडांवर. त्यातून चांगलं काम झालं. जुने कोरडे पावसाळे त्या लाकडात स्पष्ट सापडले. धुराबद्दलही मॅडमनी लिहिलं. पण काम चांगलं होत असताना घरी कोणाला तरी सांगावं असं वाटायचं, आणि सांगता यायचं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. बाबांची निवृत्ती जवळ आली. त्या उन्हाळ्यात टाउनशिपमधला एक रस्ता रुंद करायचं निघालं, आणि त्या कडेला बाबांनी लावलेली सागांची एक ओळ होती, ती तोडावी लागली. मला हे ठाऊक नव्हतं. एके दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत पुरचुंड्या बांधत होते, तर दारात बाबा. घामाने निथळत. सायकलच्या कॅरियरला गोणपाटात बांधलेली लाकडाची जाड चकती. ती त्यांनी भिलाईहून दुर्गपर्यंत तशीच आणली होती.

"कापून राह्यले माह्या लायनीतले साग," ते म्हणाले. "म्हटलं, तुमाले चकती लागत असंन."

मी सुचेल ते बोलले. "बाबा, यातून हवेचा ओलावा नाही समजत. धुरातलं झाड आहे."

"माहीत आहे मले. धूर तं समजते ना?"

मॅडम आतून आल्या. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, मला पाणी आणायला सांगितलं, आणि चकती स्वतः टेबलावर घेतली. आम्ही ती पॉलिश पेपरने घासली. वलयं उमटली. बाबा वाकून पाहू लागले. सालीकडून मोजत ते मध्यापर्यंत गेले, आणि मधल्या रुंद वलयांवर बोट ठेवून थांबले.

"हे पाह्य. हे पयले साल. त्या साली श्रावणात पाऊस गेला तं आलाच नाही. रोपं माना टाकून राह्यले. टँकर दुसऱ्या कामाले होता. मी ड्रायव्हरले म्हटलं, रोज एक फेरी इकडं मार, साहेबाले मी पाहून घेतो. पुढं चार-पाच वर्सं, पाऊस थांबला का मी याईले पाणी देल्लं. मंग मुळं खाली गेले, गरज नाही राह्यली."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मॅडमनी विचारलं, "जाळून पाहू?"

"पाहा ना. त्याच्यासाठीच तं आणलं."

त्या चकतीचं काम मी माझ्या हाताने केलं. निकाल आले तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. मॅडम म्हणाल्या, त्यांना इकडे बोलाव, मला समोर सांगायचं आहे. ते आले. मॅडमनी आलेख टेबलावर पसरला. धूर तर साऱ्या वलयांत होताच. पण पहिली पाच-सहा वलयं त्याहूनही हलकी होती, आणि मग एकदम पायरी चढावी तशी रेघ वर, जड कार्बनाकडे गेली होती. पानांनी त्या पहिल्या वर्षांत दारं उघडी ठेवली होती, आणि नंतर ओढून घेतली होती.

मी बाबांकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कापगते," त्या म्हणाल्या, "झाडाला पाणी भरपूर मिळालं की असं होतं. पण झाड लहान असतानाही असं होतं. सगळ्याच सागांचं कोवळेपणी होतं, कोणी पाणी घालो न घालो. या दोन्हींपैकी कोणतं, ते मला यावरून वेगळं काढता येत नाही. तुमच्या टँकरमुळे झालं असेलही. पण मी तसं लिहू शकणार नाही."

बाबांनी आलेखावरची ती पायरी बोटाने एकदा वर, एकदा खाली अशी गिरवली. मग हसले. कार्यक्रमानंतर मी त्यांना झाडांच्या गोष्टीवर हसताना पाहिलं नव्हतं.

"नका लिहू, मॅडम," ते म्हणाले. "तुमाले नाही माहीत तं कावून लिहाचं? पाणी मी देल्लं होतं. मले तं माहीत आहे."